वीतभर अलीकडे थांबलेला दगड

मुलांनो, डोळे मिटा बरं. ‘डोळे मिटले तर वाचायचं कसं?’ असं कुणीतरी विचारणारच. बरोबर आहे. मग डोळे उघडेच ठेवा, पण आजूबाजूचं सगळं घटकाभर विसरा आणि एक सुतारखाना समोर आणा.

मोठा, उंच छपराचा. पाठीमागे टेकडी, पुढे रस्ता. दारातून पाऊल टाकलंत की आधी वास येतो, ताज्या कापलेल्या लाकडाचा, सरसाचा आणि पॉलिशचा. मग आवाज. रंधा चालला की सर्र, सर्र. पटाशीवर हातोडा पडला की टक, टक. जमिनीवर भुसा इतका की चालताना पाय वाजत नाहीत. भिंतीवर लहानमोठ्या करवती उंचीप्रमाणे टांगलेल्या, जशा काही शाळेच्या प्रार्थनेला रांगेत उभ्या राहिलेल्या मुली. आणि बरोबर मधोमध एक भलंमोठं मेज. चारी बाजूंनी फळ्या लावून बंद केलेलं, कोपरे घासून गोल केलेले, वर हत्यारांचा हा पसारा.

दिसलं? मग त्या मेजावर पाय हलवत बसलेली मुलगीही दिसली असेल. ती खारू. खरं नाव दुसरंच होतं, पण ती दिवसभर लाकडाचे तुकडे गोळा करायची आणि कुठे कुठे लपवून ठेवायची, म्हणून आजोबांनी तिची खार केली आणि आईनं लाडानं खारू.

त्या दिवशी खारूला आनंदानं आभाळ ठेंगणं झालं होतं. कारण सुतारखान्यात यंत्र येणार होतं! फळ्या कापायचं, विजेवर चालणारं. जवळच्या शाळेनं नवे बाक करायला दिले होते. ते सगळे हातकरवतीनं कापत बसलं तर आज पहिलीत असलेली पोरं आजोबा होऊनच त्यांवर बसतील, असं बाबा म्हणायचे.

पण खरं सांगू? खारूला यंत्राचं तेवढं कौतुक नव्हतं. तिला कौतुक होतं कोपऱ्याचं. खिडकीजवळच्या कोपऱ्यात मोडक्या खुर्च्यांचा ढीग वर्षानुवर्षं पडून होता. ‘यंत्र येईल त्या दिवशी ढीग हलवू आणि तो कोपरा तुझा,’ असा शब्द बाबांनी दिला होता. खारूला कुठला धीर! तिनं त्या खुर्च्या स्वतःच एकेक करून अंगणात ओढून नेल्या. जाळी काढली, कोळ्यांची समजूत घातली, जमीन झाडली. आजोबांनी कानामागची जाड पेन्सिल काढून जमिनीवर एक चौकोन आखून दिला, तिच्या उंचीच्या छोट्या कामाच्या मेजासाठी. भिंतीत एक खिळाही ठोकला, आणि त्यावर खारूची स्वतःची छोटी हातोडी लटकत होती. येता जाता ती त्या चौकोनात उभी राहून यायची. नुसती उभी.

“आली, आली!” ती ओरडली आणि मेजावरून उडी मारून धावली.

हातगाडी दारात येऊन थांबली. गाडीवर ताडपत्रीत गुंडाळलेलं यंत्र होतं आणि गाडीमागे घामानं निथळणारा हातगाडीवाला.

“सुतारदादा, लवकर उतरवून घ्या हो,” तो म्हणाला. “मला गिरणीवर पोती पोचवायचीत. गिरणीवाला आधीच जमदग्नी आहे.”

“हे काय, झालंच,” बाबा म्हणाले. बाबांची मिशी मोठी होती आणि ‘झालंच’ हा त्यांचा आवडता शब्द होता. काम सुरू व्हायच्या आधीच ते झालेलं असायचं. “यंत्र मधोमध बसवायचं. फळी एका बाजूनं आत घालायची, दुसऱ्या बाजूनं बाहेर काढायची. दोन्हीकडे मोकळी जागा लागते. म्हणजे हे मेज हलवलं पाहिजे.”

त्यासाठी त्यांनी सकाळीच शेजारच्या पाथरवटाकडून त्याचा मोठा घण मागून आणला होता. खारूनं घणाकडे पाहिलं, मग मेजाकडे.

“मेज काढायला घण कशाला, बाबा? फळ्या तर पक्कडीनंही निघतील.”

“कळेल,” बाबा म्हणाले, आणि मान खाली घालून खिळे उपसायला लागले.

खारू मदतीला बसली. वरची मोठी फळी निघाली. मग एक बाजू निघाली. खारूनं आत डोकावलं आणि ती टुणकन मागे सरली.

“आई! आई गं! मेजाच्या पोटात दगड आहे!”

आई पॉलिशनं माखलेले हात तसेच धरून आली. उरलेल्या तिन्ही बाजू बाबांनी काढल्या, आणि इतकी वर्षं मेज म्हणून वावरणारा तो दगड उजेडात आला. काळपट, ओबडधोबड, एका बाजूला पोट सुटलेला. दोन माणसांनी हात पसरले तरी कवेत मावला नसता.

“हा इथे कसा आला?” खारूनं विचारलं. “आणि त्याला असं फळ्यांत का कोंडलं?”

कुणी काही सांगायच्या आतच हातगाडीवाला दारातूनच म्हणाला, “दगड तो दगड. फोडा आणि माझी गाडी मोकळी करा.”

“फोडाच, बाबा,” खारू म्हणाली. तिच्या डोळ्यांसमोर कोपरा होता. “मी तुकडे उचलते.”

बाबांनी घण उचलला. नीट उभं राहायला म्हणून एक पाऊल मागे घेतलं, मग बाजूला, आणि त्यांच्या पायाचं बोट दगडाच्या त्या सुटलेल्या पोटावर असं काही आपटलं की घण राहिला बाजूला आणि बाबाच एका पायावर नाचायला लागले.

“आई आई आई!”

अंगणात आजोबा कानशीनं करवतीचे दात घासत बसले होते. तो आवाज एकदम थांबला. पाठोपाठ आजोबा दारात हजर.

“ठेच लागली?” त्यांनी विचारलं.

“अण्णा, काही नाही, जरासं…”

“लागली ना? मग सांग.”

“आत्ता? अण्णा, गाडी दारात उभी आहे!”

“बाळ्या,” आजोबा म्हणाले. एवढ्या मोठ्या मिशीच्या माणसाला बाळ्या म्हटलेलं ऐकून हातगाडीवाल्यानं तोंड फिरवून हसू गिळलं. “नियम म्हणजे नियम. ज्याला या दगडाची ठेच लागेल त्यानं हातातलं काम खाली ठेवायचं आणि गोष्ट सांगायची. पहिल्यापासून शेवटपर्यंत. माझ्या वडिलांचा नियम आहे, मी मोडू देणार नाही.”

“कसली गोष्ट?” खारूनं विचारलं.

आजोबा तिच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी बाबांकडे पाहिलं.

“तू हिला सांगितली नाहीस?”

“मला इतकी वर्षं वाटलं, तुम्ही सांगितली असेल.”

“मला वाटलं तू!”

“आणि मला वाटलं,” आई म्हणाली, “तुम्ही बापलेकांनी सांगून सांगून पोरीचे कान किटवले असतील.”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“सांग, बाळ्या,” आजोबा म्हणाले, पण या वेळी हळू आवाजात.

बाबा एका ओंडक्यावर बसले, दुखरं बोट हातात धरून.

“हे बघ खारू, झालं असं,” त्यांनी भरभर सुरुवात केली. “अण्णा तान्हे होते. इथेच, याच जागेवर, भुशाच्या ढिगात कापड टाकून त्यांना निजवायचे. रंध्याचा आवाज ऐकल्याशिवाय झोपच यायची नाही यांना. तर त्या वर्षी पाऊस फार. मागची टेकडी भिजून भिजून अगदी पिठासारखी झाली. आणि एके दुपारी वरून हा दगड सुटला. पणजोबा तेव्हा पाणी प्यायला बाहेर गेले होते…”

“पाणी प्यायला नव्हे,” आजोबा म्हणाले, “बोलणी खायला. चिखलाचे पाय घेऊन घरात शिरले होते. माझ्या आईनं हाक मारून अंगणात बोलावलं आणि असे फैलावर घेतले, की बोलता सोय नाही.”

“बरं, बोलणी खायला. तेवढ्यात धडधड धडधड आवाज आला. मागची भिंत फुटली. पणजोबा जिथे उभं राहून काम करत होते ते मेज चक्काचूर झालं. आणि दगड गडगडत सुटला तो थेट अण्णांच्या दिशेनं.”

“मग?” हे खारूनं नाही विचारलं. हातगाडीवाल्यानं विचारलं. तो कधी आत येऊन भुशात बसला ते कुणाला कळलंच नव्हतं.

बाबांचा आवाजही आता बदलला होता. घाई कुठल्या कुठे गेली होती.

“मग सगळी धूळच धूळ. पणजी दारात उभी. आत काही दिसेना. हाका मारते, रडते, पाय पुढे पडत नाही. पणजोबा देवाचं नाव घेत चाचपडत आत शिरले. आणि त्या धुळीतून…” बाबा थांबले.

“त्या धुळीतून शिंक आली,” आजोबा म्हणाले. “एवढीशी. माझी.”

“शिंक?” खारू हसली.

“शिंक! नाकात भुसा गेला होता ना. माझी आई म्हणायची, जन्मभरात इतका गोड आवाज तिनं दुसरा ऐकला नाही. धाव घेऊन बघतात तर मी असा भुशात, आणि हा दगड माझ्या नाकापासून वीतभर अलीकडे. थांबलेला.”

“पण कशानं थांबला?”

“कशानंच नाही. मध्ये खुंटी नाही, ओंडका नाही, काही नाही. तुझ्याकडे गोटी आहे?”

खारूच्या खिशात काय नव्हतं! तिनं गोटी काढली.

“ठेव दगडापुढे. हात काढ.”

खारूनं गोटी ठेवली. गोटी क्षणभर डुगडुगली आणि भुशातून वाट काढत दाराकडे घरंगळत गेली.

“बघितलंस? जमीन दाराकडे उतरती आहे. गोटीसुद्धा इथे थांबत नाही, आणि एवढा मोठा दगड थांबला. माझे वडील साधे सुतार. त्यांना एवढंच कळलं की देवानं हात आडवा घातला.”

हातगाडीवाल्यानं डोक्याचं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं.

“दुसऱ्या दिवशी शेजारीपाजारी पहारी घेऊन आले, दगड बाहेर काढायला,” बाबा पुढे सांगू लागले. “पण पणजोबांनी काढू दिला नाही. म्हणाले, ‘आज मला वाटतंय की हे जन्मात विसरणार नाही. पण मी माणूस आहे. उद्या कामाला लागेन, परवा गिऱ्हाइकाशी भांडेन, आणि विसरेन. हा इथेच असू दे. पायात येईल, ठेच लागेल, आठवण होईल.’ आणि त्यांनी तो नियम घातला.”

“मग दगड झाकला कुणी?”

बाबांनी मिशीवरून हात फिरवला. “मी. लहानपणी मला रोज ठेच लागायची, रोज गोष्ट सांगावी लागायची. तोंडपाठ झाली होती. पुढे काम शिकलो. माझ्या हातचं पहिलं काम म्हणून मी या दगडाला फळ्या लावल्या, कोपरे गोल केले, वर मेज केलं. आता कुणाला लागणार नाही म्हणून. सगळ्यांनी पाठ थोपटली.”

“मीही थोपटली,” आजोबा म्हणाले. “काम होतंच तसं. सांधा शोधून सापडत नव्हता.”

“सुताराची जात,” आई म्हणाली. “उघडं काही बघवत नाही. देवानं आठवण ठेवायला दगड दिला, तर यांनी त्याला पॉलिश मारलं!”

सगळे हसले. बाबासुद्धा. पण हसता हसता खारूच्या लक्षात आलं, की फळ्या लागल्यापासून कुणाला ठेच लागली नाही, आणि ठेच लागली नाही म्हणून गोष्टही कुणी काढली नाही. ती रोज त्या दगडावर बसून पाय हलवत होती आणि तिला माहीतच नव्हतं, की तो वीतभर पुढे आला असता तर आजोबा नसते, बाबा नसते आणि तीही नसती.

बाबा उठले. घणाकडे बघत म्हणाले, “अण्णा, आता तुम्हीच सांगा. यंत्र तर पाहिजे.”

“पाहिजेच. मुलांना बसायला बाक नकोत का?” आजोबा म्हणाले. “फोडायचा तर फोड. दगडाची गरज देवाला नाही रे, त्याच्या सगळं लक्षात असतं. गरज आपल्याला. पण आता गोष्ट हिच्या कानावर पडली, माझं काम झालं.”

असं म्हणाले खरे, पण म्हणताना त्यांनी दगडावर हात ठेवला होता, आणि तो हात काही ते उचलेनात.

खारू मागे सरली. सरता सरता ती आपल्या कोपऱ्यात, पेन्सिलीच्या चौकोनात जाऊन उभी राहिली. समोर खिडकी होती. खिडकीची कड तिच्या छातीला लागत होती. तिनं दाराकडे पाहिलं. बाबांबरोबर ती यंत्र पसंत करायला गेली होती, तेव्हा ज्यावरून फळी सरकते तो यंत्राचा पत्राही तिच्या छातीलाच लागत होता.

आणि तिचा हात खिळ्यावरच्या हातोडीकडे गेला. कारण तिला एक गोष्ट सुचली होती, आणि ती दुसऱ्या कुणालाही सुचली नव्हती. कुणाला सुचणारही नव्हती, कारण या खिडकीशी इतका वेळ कुणी उभंच राहिलेलं नव्हतं. गप्प बसलं तर? तर कोपरा तिचा. हातोडी खिळ्यावर. चौकोनात मेज. कुणी तिला दोषही देणार नव्हतं.

बाबांनी घणाच्या दांड्याला हात घातला. तो बराच वेळ तसाच राहिला.

“बाबा, थांबा,” खारू म्हणाली. आवाज बारीक निघाला, म्हणून तिनं पुन्हा म्हटलं, “थांबा! यंत्र इथे बसेल.”

“तिथे? अगं, भिंत आडवी येईल. लांब फळी बाहेर कुठून काढायची?”

“खिडकीतून.”

बाबा तिच्याजवळ आले. गुडघ्यांवर बसून त्यांनी खिडकीची कड टेपनं मोजली. मग गाडीशी जाऊन यंत्र मोजलं. परत आले, खिडकी उघडली, बाहेर अंगणात किती जागा आहे ते पाहिलं, आणि डोक्याला हात लावला.

“एवढी वर्षं या खिडकीतून मी फक्त पाऊस बघितला,” ते म्हणाले. मग त्यांची नजर जमिनीवरच्या चौकोनाकडे गेली. “पण बेटा, हा तर तुझा कोपरा.”

“हो,” खारू म्हणाली. तिनं खिळ्यावरची हातोडी काढून फ्रॉकच्या खिशात घातली. “आता यंत्राचा.”

आजोबांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि पुन्हा लावला. तो अजून ओलाच होता.

“चला हो, उचला!” हातगाडीवाला मुंडासं बांधत उठला. “गिरणीवाला माझं पीठ करणार आज. पण मी त्याला ही गोष्ट सांगतो, मग बघू कसा ओरडतो ते.”

यंत्र कोपऱ्यात बसलं. पेन्सिलीचा चौकोन त्याच्याखाली गेला. त्या संध्याकाळी खारू अंगणातल्या मोडक्या खुर्च्यांच्या आड जाऊन थोडंसं रडली. खोटं कशाला सांगू? चांगलं काम केलं म्हणजे रडू येत नाही, असं काही नसतं. आई हळूच तिच्या शेजारी जाऊन बसली, आणि दोघी पॉलिशच्या वासात बराच वेळ बसून राहिल्या.

मग दुसरा दिवस उजाडला. यंत्र घरघरायला लागलं, फळ्या खिडकीतून सापासारख्या सळसळत अंगणात उतरू लागल्या, आणि त्या झेलायचं काम खारूकडे आलं. काही दिवसांनी पहिला बाक तयार झाला. तो बघायला शाळेच्या मुख्याध्यापिका बाई आल्या. मागे पहिलीतली पाचसहा पोरं, एकमेकांचे सदरे धरून.

बाईंनी बाकावर बसून पाहिलं, हलवून पाहिलं, खुशीनं मान डोलावली. पोरांचं लक्ष मात्र बाकाकडे नव्हतंच. दगडाला हात लावत त्यांतली एक दात पडलेली मुलगी म्हणाली, “हा दगड घरात कशाला ठेवलाय?”

बाबा एकदम यंत्राला तेल घालायला वाकले. आईला पॉलिशच्या डब्यात काहीतरी फार महत्त्वाचं दिसलं. आजोबा नाकावर असलेला चष्मा खिशात शोधू लागले. आणि तिघंही हळूच खारूकडे बघत राहिले.

खारूनं हातातली फळी खाली ठेवली. खराट्यानं भुसा ओढून दगडासमोर त्याचा ढीग केला. मग त्यात आडवी झाली, दगडापासून वीत मोजून तिथे नाक आणलं, डोळे मिटले आणि म्हणाली,

“सगळे इकडे या. आता मी आजोबा आहे.”